शांत बाळाकडेही बघा

दौंड तालुक्यातल्या कुठल्याही अंगणवाडीत वजनाच्या दिवशी जा. दीड-दोन वर्षांचं एखादं पोर काट्यावर ठेवताच किंचाळतं, कान दाबून धरतं, चवड्यांवर पळत सुटतं. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. कोपऱ्यात चमच्यांची रांग लावत बसलेल्या मुलीचं मात्र कौतुक होतं, ‘किती गुणाची, त्रास म्हणून नाही.’ हाक मारली तरी ती वळत नाही, हे त्या कौतुकात राहूनच जातं.

मला काळजी वाटते ती तिची. स्वमग्न मुलं एकसारखी दिसत नाहीत. एखादं बोलतच नाही. एखादं जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी म्हणतं, पण तहान लागली की आईचा हात धरून माठाकडे ओढतं. काहींचं दीड वर्षापर्यंत सगळं वेळेवर होतं आणि मग आलेले शब्दच जातात. निदान होतं ते साधारण चार मुलग्यांमागे एका मुलीचं. मुलींची लक्षणं नजरेतून निसटतात, हे त्याचं एक कारण. घरची उत्तरंही ठरलेली : बापही उशिराच बोलला होता.

तीन वर्षांखालची मुलं अंगणवाडीत बसत नाहीत. ताईंना ती दिसतात वजनाला, लसीकरणाला. वजन हिरव्या पट्ट्यात आलं की सगळे निर्धास्त. तेवढ्या वेळात बाळ नावाला वळतं का, ट्रॅक्टर दिसला की बोट दाखवून आईकडे बघतं का, हे पाहता येईल. बिस्किटाचा पुडा वाजताच धावणारं बाळ हाकेला वळत नसेल, तर तेही लिहावं. कानांची तपासणी तरीही हवीच. आणि आईला विचारावं, आधी येत होतं ते काही गेलं का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची असतात. पुढचे उपचार मात्र पुण्यात. रांजणगाव-कुरकुंभच्या कंत्राटी कामगाराचा दर खेपेला खाडा पडतो, आणि वाचा-उपचार एका खेपेत संपत नाहीत. ऊसतोड कुटुंब तर हंगाम संपताच गाव सोडतं. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस वाचा-उपचारतज्ज्ञ बसवा, आणि निदानाचा कागद येण्याआधीच आईला घरी करायचे खेळ शिकवा.