शब्दांची कुळकथा : स्टारबोर्ड

‘स्टारबोर्ड’ म्हणजे जहाजाची उजवी बाजू. या शब्दात तारा असावा, असे आम्ही एका शाळकरी मुलास सांगून बसलो होतो. वस्तुतः जुन्या इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ सुकाणूची बाजू असा आहे. त्या काळी सुकाणूचे वल्हे उजव्या अंगास बांधीत. म्हणून बंदरात डावे अंग धक्क्यास लावीत. या डाव्या बाजूस पुढे ‘लारबोर्ड’ हे नाव पडले. परंतु वादळात हे दोन्ही शब्द कानांस सारखेच वाटत, आणि जहाज भलतीकडे वळण्याचा धोका असे. म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने ‘लारबोर्ड’ टाकून ‘पोर्ट’ हा शब्द ठरविला.

ज्या शब्दाने ऐकणारा वाट चुकतो, तो मागे घेण्यात कमीपणा नाही. त्या मुलाची आम्ही उद्याच गाठ घेणार आहोत.