सक्तीचे ॲप आणि शेतकऱ्याचा भरवसा



कापूस महामंडळाला कापूस घालायचा तर आधी ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवा. पेरा सात-बारावर चढवायचा तर ई-पीक पाहणीचे ॲप उघडून बांधावरून फोटो काढा. शेतकरी ओळख क्रमांक हवा तर मोबाइलवर आलेला आकडा सांगा. तालुक्याच्या बैठकीला गेलो की भाव आणि कर्जाच्या आधी आता हाच प्रश्न येतो : हे ॲप घ्यायचे का, आणि आपली माहिती जाते तरी कुठे?

याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. २०२० साली साऱ्या देशावर असाच एक प्रयोग झाला. तो करोनाचा होता, पण त्यात जे घडले ते कापूस-ज्वारीवाल्यांनी नीट समजून घ्यावे असे आहे.

२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ आणले. (आपल्याकडे सेतू म्हटले की तहसीलीतले दाखल्यांचे केंद्र आठवते. तिथली रांग ज्याने पाहिली आहे तो या नावाला हुरळून जाणार नाही.) तेरा दिवसांत ५ कोटी लोकांनी ते फोनमध्ये घेतले, दीड महिन्याच्या आत १० कोटींनी. टाळेबंदीत घरी बसलेल्या शहरी माणसाला वाटले, आता रोगाला पळायला जागा नाही.

ॲपचे काम समजायला सोपे आहे. दोन माणसे जवळ आली की त्यांचे फोन ब्लूटूथवरून एकमेकांची खूण टिपून ठेवतात. पुढे त्यातला एक आजारी निघाला की दुसऱ्याला इशारा जातो. शिवाय तुम्ही कुठे होता ती जागाही हे ॲप नोंदवत असे. आपल्या भाषेत हा कामगंध सापळा झाला. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर सापळा काय असतो ते कापूसवाल्याला शिकवायला नको. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, एवढेच तो सांगतो. फवारणी आपल्यालाच करावी लागते. आणि शिवारात दहापैकी दोनच शेतांत सापळे असतील तर उरलेल्या आठ शेतांचे काय चालले आहे ते त्याला कळत नाही.

फोनच्या सापळ्याचे गणित तर याहून अवघड. इथे एकाकडे ॲप असून भागत नाही, भेटणाऱ्या दोघांकडेही लागते. शंभरात वीसजणांकडे ॲप असेल तर शंभर भेटींतल्या चारच भेटींची नोंद होते. पन्नासजणांकडे असेल तरी पंचवीसच. देशाच्या १३० कोटींवर लोकसंख्येत १० कोटी म्हणजे शंभरात सात-साडेसात. सरासरी धरली तर दोनशे भेटींतली जेमतेम एक भेट सापडते. कंधार-मुखेडच्या वाडीतांड्यावर, जिथे एका घरात एक फोन आणि तोही साधा, तिथे काय सापडणार? साध्या फोनवाल्यांसाठी मे महिन्यात १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉलची सोय केली. तिकडून फोन येई, खोकला आहे का, ताप आहे का विचारी. ती विचारपूस झाली, संपर्काचा शोध नव्हे.

हे विज्ञान खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये सप्टेंबर २०२० पासून असे ॲप चालले, आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याने काही लाख लागणी टाळल्या असा तिथल्या शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. तिथे सक्ती नव्हती, कोण कोणाला भेटले ही नोंद वापरणाऱ्याच्याच फोनमध्ये राहत होती आणि तपासणीची सोय हाताशी होती. वाण तेच, पण जमीन वेगळी.

आपल्या दोन जिल्ह्यांत संपर्क शोधला कोणी? एप्रिल २०२० च्या सुरुवातीला निलंग्यात परप्रांतातून येऊन थांबलेल्या बारा प्रवाशांपैकी आठजण बाधित निघाले. ते कोणाला भेटले हे फोनने सांगितले नाही, माणसांनी दारोदार विचारून काढले. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू महिन्याभरावर अडकून पडले होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना बसने पंजाबात नेले, आणि तिथे त्यांच्यातले हजारावर बाधित निघाले. लागण नांदेडात झाली, वाटेत झाली की तिकडे गेल्यावर, यावर दोन राज्यांत वाद रंगला. ही माणसे कुठे आहेत, किती आहेत, हे सगळे ठाऊक होते. एका जागी राहणाऱ्या माणसांचा माग काढायला कोणते ॲप हवे? कमी पडली ती तपासणी. निघण्यापूर्वी सगळ्यांचे घशाचे नमुने तपासले गेलेच नाहीत.

गावात हे काम आशाताई, अंगणवाडीताई, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी केले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणून घराघरांत जाऊन तापमान मोजले तेही त्यांनीच. याच आशाताईंना मानधनासाठी जून २०२१ मध्ये राज्यभर संप करावा लागला. तेव्हा कुठे १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. ॲपची जाहिरात करायला सरकारला कोणाच्या संपाची वाट पाहावी लागली नव्हती.

आता खरा मुद्दा. माणूस आपण कोणाकोणाला भेटलो हे का लपवतो? त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून पोरे गावी परतत होती आणि गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. नाव सांगितले की चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, मजुरी बुडाली, ढोरांना वैरण कोण टाकणार याची पंचाईत, आणि गावात बोभाटा वेगळा. ज्याला खरे बोलण्याचा दंड भरावा लागतो तो खरे बोलत नाही. त्या चौदा दिवसांची मजुरी आणि वैरण सरकारने दिली असती तर माणसांनी आपणहून नावे सांगितली असती, असे आमचे मत आहे.

दंडुक्याने रोग शोधण्याचा प्रकार आपल्याकडे जुना आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजाने साथरोगाचा कायदा केला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत घुसून प्लेगचे रोगी हुडकू लागले. लोकांनी रोगी लपवले, शहर सोडले, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण कायद्याचे आयुष्य पाहा : मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी काढला तो हाच १८९७ चा कायदा.

आरोग्य सेतूचेही तेच झाले. आधी सांगितले, मर्जीने घ्या. १ मे २०२० ला केंद्रीय गृहखात्याचा हुकूम निघाला की सरकारी आणि खाजगी सगळ्या नोकरदारांना ॲप सक्तीचे. दिल्लीजवळ नोएडात तर फोनमध्ये ॲप नसले तर तुरुंगाची भाषा झाली. आपल्या महाराष्ट्रातले, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती बेकायदा असल्याचे उघड सांगितले, कारण तिच्यामागे संसदेने केलेला एकही कायदा नव्हता. पंधरवड्यात गृहखात्याने भाषा मऊ केली. माहिती १८० दिवसांत पुसण्याचा नियम ११ मे रोजी आला, म्हणजे ॲप आल्यावर चाळीस दिवसांनी. बी पेरून झाल्यावर पिशवीवरचे वाण वाचण्यासारखे हे झाले. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या कर्नाटकात उच्च न्यायालयाने बजावले की ॲप नाही म्हणून सरकारने कोणाला सेवा नाकारायची नाही. त्याच महिन्यात केंद्रीय माहिती आयोगाने विचारले की हे ॲप तयार कोणी केले, त्याची फाइल कुठे आहे, आणि ज्या खात्याचे नाव ॲपवर होते त्याला धड उत्तर देता आले नाही.

सिंगापूर शिस्तीचा देश. तिथल्या लोकांना सांगितले होते की ही माहिती फक्त रोगासाठी. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनेच कबूल केले की पोलिसांनाही ती घेता येते. ओरड झाली तेव्हा कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घातली. नॉर्वेने मात्र जून २०२० मध्ये आपले ॲप थांबवून जमलेली माहिती पुसून टाकली. आपल्याकडे संपर्काची नोंद बंद केली आणि माहिती पुसली, हे संसदेत सांगितले गेले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये.

शेतकऱ्याला संशयी म्हणणाऱ्यांनी ज्वारीची लेव्ही आठवावी. ज्याने आपला पेरा खरा सांगितला त्याच्या अंगणात लेव्हीचे पोते आधी मोजले गेले. आपण दिलेला आकडा आपल्यावरच उलटतो हे या मुलखाने अंगावर भोगले आहे. पण तोच शेतकरी क्रॉपसॅपच्या निरीक्षकाला आपल्या शेतात किडी मोजू देतो, कारण तिथून सल्ला परत येतो आणि नाही म्हटले तर कोणी शिक्षा करत नाही.

आज काय चालले आहे ते या उजेडात पाहा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला आली. शेतकरी ओळख क्रमांक राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना सक्तीचा झाला. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ८,११० रुपये ठरला, पण त्या भावाच्या काट्यापर्यंतची वाट ॲपमधून काढली, आणि नोंदणीची मुदत वाढवण्याची पाळी आली. माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, मात्र अनुदान-लाभ देण्यासाठी सरकारला वेगळी संमती न घेता माहिती वापरण्याची वाट त्यात ठेवली आहे. साथीच्या वेळी ॲप नसलेला निदान रेल्वेत बसू शकत नव्हता. आज ॲप नसलेल्याचा कापूस पडत्या भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तो फरक थेट त्याच्या खिशातून जातो.

आम्ही मोबाइलच्या विरोधात नाही. चांगला सापळा हवाच. पण खरेदी केंद्रावर आणि तलाठी सज्जावर कागदाचा अर्ज भरून पोच घेण्याची वाट उघडी राहिली पाहिजे, आणि कागदवाल्याचा नंबर ॲपवाल्याच्या मागे टाकता कामा नये. आपल्या पेऱ्याची माहिती कोणत्या बँकेला, विमा कंपनीला, बियाणे कंपनीला दिली जाते ते गावच्या चावडीवर लिहून लागले पाहिजे. आणि पेरा सांगितल्यावर आम्हाला परत काय मिळणार? राज्यात कापूस किती, ज्वारी किती, हा आकडा तोडणी-काढणीच्या आधी आमच्या हाती येणार असेल तर पेरा सांगण्यात आमचाही फायदा आहे. तो फक्त आयात ठरवणाऱ्यांच्या हाती जाणार असेल तर ती नवी लेव्हीच.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार आकडे आणावेत : किती घरांत स्वतःचा स्मार्टफोन आहे, किती जणांना नोंदणी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागली, त्याचे किती पैसे गेले, आणि किती जणांचा कापूस नोंदणीअभावी व्यापाऱ्याला गेला. बायकांच्या नावावरच्या जमिनींची नोंद वेगळी ठेवावी, त्यांच्या हाती फोन नसतो. वहीच्या पानावर लिहिले तरी चालेल, खाली दोघांच्या सह्या असाव्यात. हे आकडे जोडूनच जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचे आहे.