जवानाचे रक्त प्रचाराला चालते, त्याची भाकरी चालत नाही!

१ मे २०१९. जगभरचे कामगार आपला दिवस साजरा करीत होते. त्याच दिवशी वाराणसीत एका बडतर्फ जवानाचा लोकसभेसाठीचा उमेदवारी अर्ज फेटाळण्यात आला. जवानाचे नाव तेज बहादूर यादव. मूळचा हरियाणातील महेंद्रगड जिल्ह्याचा. सीमा सुरक्षा दलात सुमारे वीस वर्षे काढलेला हा साधा शिपाई प्रथम अपक्ष म्हणून आणि नंतर समाजवादी पक्षाचा उमेदवार म्हणून खुद्द पंतप्रधानांच्या विरोधात उभा राहू पाहत होता.

त्याचा गुन्हा काय होता? जानेवारी २०१७ मध्ये जम्मू-काश्मीरच्या नियंत्रण रेषेवरून त्याने समाजमाध्यमांवर काही चित्रफिती टाकल्या. न्याहारीला जळका पराठा आणि चहा, जेवणाला हळद-मीठ घातलेली पाण्यासारखी डाळ, काही रात्री तर उपाशीच झोपावे लागते, असे त्याने सांगितले. सरकार शिधा पुरवते, पण तो मध्येच वरिष्ठांकडून विकला जातो, हा त्याचा आरोप होता, आणि चौकशी करावी अशी विनंती त्याने पंतप्रधानांनाच केली होती. त्याने बंदूक खाली ठेवली नव्हती, हुकूम मोडा असे कोणाला सांगितले नव्हते, कोणत्या पक्षाचा जयजयकारही केला नव्हता. त्याने फक्त ताटातले अन्न देशाला दाखवले. एप्रिल २०१७ मध्ये दलाच्या न्यायालयाने त्याला बेशिस्तीच्या ठपक्याखाली बडतर्फ केले.

दोन वर्षांनंतर वाराणसीत त्याच बडतर्फीचा दुसरा हप्ता वसूल करण्यात आला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी या कारणांवरून सरकारी सेवेतून काढलेला माणूस पाच वर्षे निवडणूक लढवू शकत नाही. पाच वर्षे पुरी न झालेल्या बडतर्फ उमेदवाराने, आपल्याला या दोन कारणांसाठी काढलेले नाही, असे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे, असे ३३ वे कलम सांगते. तेज बहादूरने एका अर्जात या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्यात ‘नाही’ असे लिहिले होते, हे खरे आहे. परंतु प्रमाणपत्र आणण्याची नोटीस त्याच्या हाती पडली ३० एप्रिलला, आणि मुदत होती दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंतची! बेशिस्त म्हणजे बेइमानी नव्हे, हा साधा भेद सिद्ध करायला जवानाला एक रात्र मिळाली.

पुढे न्यायालयांत जे घडले ते अधिकच बोलके आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये त्याची निवडणूक याचिका फेटाळली. कारण, तो वाराणसीचा मतदार नाही आणि रीतसर नामांकित उमेदवारही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम केला. म्हणजे अर्ज फेटाळला म्हणून तो उमेदवार नाही, आणि उमेदवार नाही म्हणून अर्ज का फेटाळला हे त्याने विचारायचे नाही! कायद्याच्या अक्षरात हे बसत असेलही. न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. वाराणसीत पंतप्रधान ४ लाख ७९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. तेव्हा एका शिपायाकडून पराभवाची भीती कोणालाच नव्हती. भीती होती ती प्रचाराच्या सभांतून महिनाभर एकच प्रश्न विचारला जाण्याची: जवानाच्या ताटातली डाळ कोणी खाल्ली?

या प्रकरणाची दुसरी बाजू महाराष्ट्रात आहे. ९ एप्रिल २०१९ रोजी लातूर जिल्ह्यातील औसा येथील सभेत पंतप्रधानांनी प्रथमच मतदान करणाऱ्या तरुणांना आवाहन केले की, तुमचे पहिले मत बालाकोटचा हवाई हल्ला करणाऱ्या वीरांना आणि पुलवामाच्या हुतात्म्यांना अर्पण करा. सैन्यदलांचा वापर प्रचारासाठी करू नये, अशी निवडणूक आयोगाची सूचना जेमतेम महिन्यापूर्वीची होती. तरीही आयोगाने या भाषणात आचारसंहितेचा भंग झाला नाही, असा निर्वाळा दिला. तो दिवस कोणता? १ मे २०१९! एकाच दिवशी वाराणसीत जिवंत जवानाचे तोंड बंद झाले आणि मेलेल्या जवानांच्या नावाने मते मागणे निर्दोष ठरले. या राजवटीच्या तथाकथित ‘बिगरराजकीय सैन्या’चा अर्थ सांगायला याहून नेमका दाखला शोधूनही सापडणार नाही.

सैनिकाने राजकारणापासून दूर राहावे, हे तत्त्व कायद्यात कसे मांडले आहे ते पाहण्यासारखे आहे. घटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सशस्त्र दलांतील माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला. त्याच्या आधारे १९५० चा लष्कर कायदा, १९५४ ची लष्कर नियमावली आणि १९६८ चा सीमा सुरक्षा दल कायदा उभे आहेत. नियमावलीचा २१ वा नियम सांगतो की, राजकीय प्रश्नावर किंवा सेवेशी संबंधित विषयावर सरकारच्या अथवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. ‘राजकीय प्रश्न’ आणि ‘सेवेचा विषय’ एकाच दावणीला बांधले आहेत. म्हणजे सरकारवरील टीका आणि करपलेली पोळी यांत कायदा फरक करीत नाही. आणि राजकीय मतावर सरसकट बंदीही नाही. बंदी आहे ती विनापरवाना मतावर. परवाना देणार कोण? ज्याच्यावर टीका व्हायची तेच सरकार!

परवान्याचा हा कारभार कसा चालतो, हेही देशाने पाहिले आहे. तेज बहादूरच्या चित्रफितीनंतर आठवडाभरातच, १५ जानेवारी २०१७ च्या सेनादिनी, तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी बजावले की, समाजमाध्यमांवर गाऱ्हाणी मांडणारे जवान शिक्षेस पात्र ठरतील. हेच जनरल २६ डिसेंबर २०१९ रोजी, नागरिकत्व कायद्याविरुद्ध देशभर निदर्शने चालू असताना, जमावाला चुकीच्या दिशेने नेणारे ते नेते नव्हेत, असे जाहीरपणे बोलले. हा राजकीय प्रश्न नव्हता काय? त्यांच्यावर कोणतीही कारवाई झाली नाही. काही दिवसांतच देशाचे पहिले संरक्षणदल प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक जाहीर झाली. येथे प्रश्न दिवंगत जनरलांच्या व्यक्तित्वाचा नाही. प्रश्न हा आहे की, शिस्तीचा दंडुका शिपायाच्या पाठीवर पडतो आणि सेनापतीच्या खांद्याला स्पर्शही करीत नाही.

नाशिकजवळच्या देवळालीचीही आठवण विझता कामा नये. साहेबांच्या घरची कामे ‘सहायकां’ना करावी लागतात, हे छुप्या चित्रीकरणात सांगणारा एक जवान मार्च २०१७ मध्ये तेथील छावणीत मृतावस्थेत आढळला. गुन्हा नोंदवला गेला तो ही प्रथा चव्हाट्यावर आणणाऱ्या महिला पत्रकारावर, आणि तोही शासकीय गुपिते कायद्याखाली! मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तो रद्द केला. साहेबाच्या कुत्र्याला फिरवणे हेही आता राष्ट्रीय गुपित झाले होते.

हा वारसा गोऱ्या साहेबाचा आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरील खलाशांनी संप पुकारला, तोही निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध. पाहता पाहता तो ७८ जहाजे आणि सुमारे २० हजार नौसैनिकांपर्यंत पसरला. त्यांच्या मागण्यांत चांगले जेवण होते, गोऱ्या खलाशांइतका पगार होता, तसेच आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे हेही होते. ताटापासून सुरू झालेला विचार साम्राज्यशाहीपर्यंत पोहोचायला एक दिवसही लागला नाही. २२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवर मुंबईचा गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरला. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, परळला कॉ. कमल दोंदे धारातीर्थी पडल्या. काँग्रेस आणि लीगच्या नेत्यांनी मात्र खलाशांना शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलातही परत घेतले गेले नाही. गणवेशातल्या गरिबाने बोलू नये, याबाबत जुन्या आणि नव्या राज्यकर्त्यांचे तेव्हाच एकमत झाले होते.

यावर आक्षेप येईल: सैन्य राजकारणात उतरले तर पाकिस्तानसारखी गत होणार नाही काय? आक्षेप गंभीर आहे. पण पाकिस्तानात सत्ता बळकावली ती सेनापतींनी. डाळीची तक्रार करणाऱ्या शिपायांनी नव्हे. शस्त्रधारी दलाने पक्षांच्या झगड्यापासून अलिप्त राहावे, कामावर असताना कडक शिस्त पाळावी, हे कोणताही जबाबदार कामगार पक्ष मान्यच करील. मार्च १९१७ मध्ये पेट्रोग्राड सोविएटच्या पहिल्या हुकुमानेही हेच म्हटले होते की, सेवेत असताना सैनिकाने शिस्त काटेकोर पाळावी. पण सेवेबाहेर त्याला इतर नागरिकांचे सर्व हक्क असावेत. भांडवली जर्मनीतही सैनिक कामाच्या वेळेबाहेर पक्षाचा सदस्य होऊ शकतो, निवडणूक लढवू शकतो, आणि वरिष्ठांना वगळून संसदेने नेमलेल्या आयुक्ताकडे थेट तक्रार करू शकतो. त्यामुळे तेथील शिस्त ढासळलेली नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. अन्न, रजा, पगार आणि वागणूक यांबद्दलची तक्रार हा गुन्हा मानू नये. तिच्या चौकशीसाठी वरिष्ठांच्या साखळीबाहेरची, संसदेला जबाबदार असलेली यंत्रणा असावी. बेशिस्तीच्या ठपक्याखाली घरी पाठवलेल्या जवानाच्या नागरी हक्कांवर संशयाची छाया टाकू नये. आणि सैन्याच्या नावाने मते मागणाऱ्यावर, तो कितीही उच्चपदस्थ असो, तीच बंधने लागू व्हावीत जी शिपायावर लागू आहेत.

जवान आकाशातून पडत नाही. तो महेंद्रगडच्या, साताऱ्याच्या, पूर्वांचलच्या शेतकऱ्याच्या घरातून येतो. बाप शेतात हमीभाव मागतो तेव्हा त्याला देशद्रोही म्हणायचे, आणि मुलगा सीमेवर भाकरी मागतो तेव्हा त्याला बेशिस्त म्हणायचे, हे धोरण एकच आहे. गणवेश चढवताना माणूस देशासाठी प्राण देण्याची शपथ घेतो. उपाशीपोटी गप्प राहण्याची शपथ त्याने कोणालाही दिलेली नाही.