सकाळी जावे, रात्री घरी यावे

प्रवास मोजण्याची आपल्याकडे दोनच मापे आहेत. किती लांब गेलात, आणि किती दिवस राहिलात. पूर्वी काशीहून परतलेल्या माणसाने मावंदे घालावे, अशी गावाची अपेक्षा असे. आता परदेशाहून परतलेल्याने फोटो दाखवावेत, अशी असते. पण एखादा म्हणाला, "सकाळी गाडीत बसलो, एक गाव पाहिले आणि रात्रीच्या जेवणाला घरी आलो," तर ऐकणारा जांभई देतो. "एका दिवसात काय पाहून होते हो?" असे विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या युरोपच्या बारा दिवसांकडे वळतो.

या जांभईविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. दिवाळीच्या फराळात एखादा लाडू टणक निघायचाच. हा तसा समजा.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पोटासाठी शाळेत मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. भूगोलाचा अधिकार सांगण्याची माझी पात्रता नाही. पण माझा भाचा दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल शहरात, नोकरी करतो. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्याकडे राहिलो. तो सकाळी कामावर जाई आणि मी स्टेशनवर. रोज एक गाव, आणि रोज रात्री भाच्याच्या घरचा भात. त्या भटकंतीतून माझे मत पक्के झाले, ते असे: एखाद्या देशातला सामान्य माणूस सकाळी निघून, हवे ते पाहून, रात्री आपल्या घरी परत येऊ शकतो का, यावरून त्या देशाची ओळख जितकी पटते तितकी त्याच्या उंच इमारतींवरून पटत नाही.

आता आमच्या सहल कंपन्यांकडे पाहा. त्यांच्या रंगीत पत्रिकांत कोरिया म्हणजे एक राजवाडा, एक मनोरा, एक बाजार, प्रसाधनांची चार दुकाने आणि सकाळ-संध्याकाळ भारतीय जेवण. मंडळी विमानतळावरून बसमध्ये चढतात, बसमधून हॉटेलात उतरतात. ज्या देशात जातात त्या देशाच्या माणसाशेजारी त्यांना एकदाही बसावे लागत नाही! याला प्रवास म्हणायचे आणि इंचॉनच्या गाडीत दांड्याला लोंबकळत गेलेल्याने मात्र काहीच पाहिले नाही म्हणायचे, हा कुठला न्याय?

इंचॉनची गाडी मी मुद्दाम म्हणतो. कोरियातली पहिली रेल्वे तीच. १८ सप्टेंबर १८९९ रोजी ती नोरयांगजिन ते जेमुल्पो, म्हणजे आजचे इंचॉन, अशी ३३ किलोमीटर धावली. आज त्याच वाटेवर सोलच्या भुयारी रेल्वेची पहिली लाइन जाते. ही लाइन १५ ऑगस्ट १९७४ रोजी सुरू झाली. १५ ऑगस्ट हा त्यांचाही मुक्तिदिन. १९४५ साली त्या दिवशी जपानचे राज्य संपले. हीच लाइन एकीकडे इंचॉनला, दुसरीकडे सुवॉन, चॉनान आणि पुढे ओन्यांगच्या गरम झऱ्यांपर्यंत जाते. तिकिटासाठी रांग नाही, जागेचे आरक्षण नाही. मनात आले की निघावे.

सुवॉन सोलपासून तासाभरावर आहे. तिथे ह्वासंग नावाचा किल्ला आहे. जंगजो राजाने तो १७९४ ते १७९६ या काळात बांधला. सुमारे पावणेसहा किलोमीटरचा तट सगळ्या जुन्या गावाला वेढून उभा आहे. जंगजोच्या बापाला, युवराज सादोला, त्याच्याच बापाने १७६२ साली तांदळाच्या पेटीत कोंडून मारले. तेव्हा जंगजो अवघ्या दहा वर्षांचा होता. गादीवर आल्यावर त्याने बापाची कबर सुवॉनजवळ हलवली आणि तिच्या सोबतीला जणू एक शहरच वसवले. १७९५ साली आईच्या साठीनिमित्त तो सोलहून इथे आला, तेव्हा बरोबर हजारो माणसांचा लवाजमा होता. हान नदीवर नावांचा पूल बांधावा लागला होता आणि जाऊन येऊन आठ दिवस लागले होते. ज्या वाटेला राजाला आठ दिवस लागले ती वाट आज भाजीची पिशवी घेतलेली बाई सकाळच्या कामांत उरकते. ही क्रांती नव्हे तर काय? पण तिची मिरवणूक निघत नाही, म्हणून आपल्याला ती दिसत नाही.

या किल्ल्याच्या बांधकामाची साद्यंत नोंद करून पुढे ती ग्रंथरूपाने छापली गेली. कोणते यंत्र वापरले, किती दगड लागले, इतकेच नव्हे तर राबलेल्या कारागिरांची नावे आणि त्यांना दिलेली मजुरीही तीत आहे. १९५०च्या युद्धात तटाची पडझड झाली, तेव्हा १९७०नंतरच्या दशकात याच नोंदींवरून तो पुन्हा उभा राहिला. म्हणून तर १९९७ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याला स्थान मिळाले. पाथरवटाचे नाव लिहून ठेवण्याची बुद्धी ज्या राजाला झाली, त्याचे गाव अर्ध्या दिवसात 'उरकते' असे कोणी म्हणू नये.

दुसरा दिवस चुनचॉनच्या वाटेवरचा. या मार्गावर 'चॉंगचुन' नावाची दुमजली डबे असलेली जलद गाडीही धावते. चॉंगचुन म्हणजे तारुण्य. पण मला तारुण्याची घाई नव्हती. मी साधी लोकल धरली, कारण मला चुनचॉनच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर उतरायचे होते. या स्टेशनाचे नाव किम यु-जंग. हे गावाचे नाव नव्हे, माणसाचे आहे. आणि माणूस राजा नव्हे, सेनापती नव्हे, पुढारीही नव्हे. तो कथालेखक! १९०८ साली जन्मला, १९३७ साली एकोणतिसाव्या वर्षी क्षयाने गेला. याच खेड्यात त्याने गावकऱ्यांसाठी शाळा चालवली आणि इथल्याच कुळांच्या, मजुरांच्या, भोळ्या जावयांच्या गोष्टी लिहिल्या. २००४ साली स्टेशनाचे जुने नाव बदलून त्याचे नाव दिले गेले. व्यक्तीचे नाव मिळालेले हे कोरियातले पहिले स्टेशन.

शाळामास्तर आणि कथालेखक! त्या फलाटावर मी किती वेळ उभा होतो ते सांगत नाही. महाराष्ट्रात कथालेखकाच्या नावाचे स्टेशन माझ्या पाहण्यात नाही. नाव देण्याइतके लेखक आपल्याकडे झाले नाहीत, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? असो. दोन तास त्या गावात फिरलो, परतीच्या गाडीत डुलकी घेतली आणि दिवेलागणीला सोलमध्ये होतो. 'एका दिवसात काय पाहून होते?' एका लेखकाचे अख्खे आयुष्य पाहून होते!

इथे कोणी म्हणेल, मास्तर, लोकलचे पुराण पुरे. कोरियाची खरी ऐट ती वेगवान गाडी, केटीएक्स. मान्य. १ एप्रिल २००४ रोजी ती सुरू झाली. फ्रेंच तंत्राने बांधलेली, ताशी ३०० किलोमीटर वेगाची. सोलहून बुसान चारशे किलोमीटरच्या पुढे, पण अडीच तासांच्या आसपास पोहोचवते. सकाळी सोलमध्ये चहा, दुपारी बुसानच्या समुद्रावर, रात्री परत घरी. वेगाशी माझे भांडण नाही. दूरचे गाव जवळ आणणाऱ्या यंत्राला मी नमस्कारच करीन. भांडण आहे ते वेगालाच प्रगती समजून हळू गाडीला भंगारात काढणाऱ्या बुद्धीशी. कोरियात एके काळी गाड्यांचे वर्ग होते आणि त्यांची नावे मोठी अर्थपूर्ण होती. सर्वांत स्वस्त, लहानसहान स्टेशनांवरही थांबणारी गाडी 'बिदुल्गी', म्हणजे कबूतर. तिच्या वर 'तोंगिल', म्हणजे एकीकरण. तिच्या वर 'मुगुंघ्वा', हे त्यांचे राष्ट्रीय फूल, आपल्या जास्वंदीच्या कुळातले. कबूतर २००० साली बंद झाले. वेगवान गाडी आली त्याच २००४ साली एकीकरणही बंद झाले. आता फूल तेवढे उरले आहे, आणि त्याच्याही पाकळ्या एकेक करून गळत आहेत. देश दुभंगलेला असताना शांतीचे कबूतर आणि एकीकरण या दोन्ही गाड्या तोट्यात म्हणून बंद व्हाव्यात, असे मी कादंबरीत लिहिले असते तर संपादकांनी 'फार ठळक झाले' म्हणून खोडले असते!

तोट्याचा हिशेब निघालाच आहे, तर तोही पाहू. सोलच्या भुयारी रेल्वेत ६५ वर्षांवरील माणसांना १९८४पासून तिकीट पडत नाही. त्यामुळे सकाळच्या गाडीत पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी घातलेले आजोबा-आजी ओन्यांगला निघालेले दिसतात. त्या झऱ्यांवर एके काळी सेजोंग राजा डोळ्यांच्या विकारासाठी गेला होता. आता गुडघ्यांसाठी प्रजा जाते. पण हिशेबनीस बोटे मोडतात. म्हणतात, रेल्वे तोट्यात आहे, वयाची अट सत्तर करा, हे लोक विनाकारण फिरतात.

विनाकारण! या शब्दाची मला चीड आहे. कोरियात म्हाताऱ्यांपैकी दहांतले सुमारे चार जण गरिबीत आहेत. विकसित देशांत इतके वाईट प्रमाण क्वचितच. ज्यांनी युद्धाची राख उपसून हा देश उभा केला, त्यांनी झऱ्यात पाय बुडवून यावे हे कारण पुरेसे नाही? गाडी त्यांच्यासाठी जादा धावत नाही. ती जाणारच असते. त्यांना घरात बसवून वाचलेला पैसा उद्या औषधांच्या दुकानात जाईल, आणि तो कोणत्या खात्यावर मांडायचा हे त्या हिशेबनिसाने मला सांगावे.

आता शेवटच्या वाटेकडे येतो. ही वाट उत्तरेची. कोरियाचे रूळ बहुतांशी जपान्यांनी घातले आणि ते कोरियन आजीला झऱ्यावर नेण्यासाठी घातले नव्हते. सोल-बुसान मार्ग १९०५ साली सुरू झाला. सोलहून उत्तरेला चीनच्या सीमेपर्यंतचा मार्ग १९०६ साली, रशियाशी झालेल्या युद्धाच्या निकडीतून पुरा झाला. सैन्यासाठी घातलेल्या रुळांवरून पुढे माणसे फिरू लागली, हा इतिहासाचा एक गोड सूड. पण उत्तरेच्या वाटेवर हा सूड अर्धाच राहिला.

त्या वाटेने लोकल मुन्सानला जाते. तिथून जवळ इमजिनगाक येथे एक गंजलेले वाफेचे इंजिन ठेवले आहे. युद्धात, १९५०च्या अखेरीस, जांगदान स्टेशनात ते अडकले. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उद्ध्वस्त केले गेले. अंगावर हजाराहून अधिक गोळ्यांच्या खुणा आहेत. अर्धशतक ते निर्लष्करी पट्ट्यात पडून होते, आणि त्याच्यावर तुतीचे झाड उगवले होते. पुढे दोरासान स्टेशन. तिथे परवानगीवाचून जाता येत नाही. तिथली पाटी सांगते: सोल ५६ किलोमीटर, प्योंगयांग २०५ किलोमीटर.

वाचकहो, बेरीज करा. २६१ किलोमीटर! साध्या गाडीनेही सकाळी जाऊन रात्री परत यावे इतके अंतर. २००७ साली परीक्षेसाठी एकदा गाडी सीमा ओलांडून गेली. त्याच वर्षाच्या अखेरीपासून वर्षभर मालगाडीही धावली, बऱ्याचदा रिकामीच. मग तीही थांबली. ऑक्टोबर २०२४मध्ये उत्तरेने आपल्या बाजूचे जोडरस्ते सुरुंग लावून उडवले. ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी २००० सालापासून अधूनमधून होत. शेवटची २०१८ साली झाली. भेटीसाठी नाव नोंदवलेल्या सव्वा लाखाहून अधिक माणसांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. तिकिटाला पैसे होते, गाडी होती, रूळही होते. नव्हती ती फक्त सकाळी जाऊन रात्री घरी येण्याची मुभा.

या पट्ट्यात आपलाही एक माणूस उभा राहून गेला आहे. युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळायला १९५३ साली भारतीय फौज गेली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरच्या मातीतले मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिणेच्या अध्यक्षांचा विरोध असल्यामुळे आमच्या जवानांना त्या भूमीवर पाऊलही टाकू दिले नाही. इंचॉनहून हेलिकॉप्टरने थेट पट्ट्यात उतरवले गेले. तिथे तंबूत एकेका कैद्यापुढे एकच प्रश्न होता: घरी परत जायचे का? हा प्रश्न ज्याला विचारावा लागतो तो कैदी. ज्याला विचारावा लागत नाही तो स्वतंत्र.

म्हणून 'एका दिवसात काय पाहून होते?' असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे. लांबच्या सहली करा, दहा देश पाहा, मी आडवा येत नाही. पण सकाळी दार ओढून घ्यावे, मनात येईल त्या स्टेशनावर उतरावे आणि रात्री त्याच दाराची कडी वाजवावी, या सुखाला किरकोळ म्हणू नका. जगात पुष्कळ माणसे अशी आहेत की ती निघू शकत नाहीत, आणि त्याहून पुष्कळ अशी की निघाली ती परत येऊ शकली नाहीत.