फुलीचा अर्थ कोण ठरवणार?

ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झालं. आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणाऱ्या ‘व्हॉइस’ या मंडळाला राज्यघटनेत स्थान द्यायचं का, एवढाच प्रश्न होता. मतपत्रिकेवर एकच रिकामा चौकोन. त्यात इंग्रजीत ‘यस’ किंवा ‘नो’ लिहायचं. पण चौकोन दिसला की लिहिण्याऐवजी खूण करून मोकळे होणारे मतदार असतातच. त्यांचं काय करायचं, यावरून मतदानाआधी मोठा वाद पेटला.

निवडणूक आयोगाचा नियम असा : बरोबरची खूण म्हणजे होकार, ती मोजायची, फुली मात्र बाद. तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन यांनी त्यावर आक्षेप घेतला. होकाराची खूण चालते आणि नकाराची चालत नाही, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. उद्योगपती क्लाइव्ह पामर आणि सिनेटर राल्फ बॅबेट फेडरल कोर्टात गेले. कोर्टाने सप्टेंबरमध्ये त्यांची मागणी फेटाळली.

कोर्टाचा निर्णय मला योग्य वाटतो. मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत ग्राह्य धरावं, असं तिथला कायदा सांगतो. म्हणूनच नुसतं ‘वाय’ किंवा ‘एन’ लिहिलेलंही चालतं. फुलीचं तसं नाही. शाळेच्या वहीत ती चूक दाखवते, तर अर्जावरच्या चौकोनात तीच फुली पसंती सांगते. अशा फुलीला मोजणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या मनाने अर्थ लावला, तर ते मत मतदाराचं राहत नाही.

तरीही डटन यांची तक्रार उडवून लावण्यासारखी नाही. नकार म्हणून फुली मारणाऱ्याचं मत जातं आणि होकार म्हणून बरोबरची खूण करणाऱ्याचं टिकतं, हे तर खरंच आहे. पण हा दोष मोजणाऱ्यांचा नाही, त्या एका चौकोनाचा आहे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघात राहणं आणि बाहेर पडणं हे दोन पर्याय वेगवेगळे छापले होते आणि प्रत्येकापुढे चौकोन होता. फुली ज्याच्यापुढे, मत त्याला. तिथेही २५,३५९ मतपत्रिका बाद झाल्याच. त्यांतल्या ९,०८४ मतपत्रिकांवर दोन्ही पर्यायांपुढे खुणा होत्या. पण ‘फुली म्हणजे हो की नाही’ हा वाद उद्भवलाच नाही.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण करायचं की नाही, याचा कौल १९६७ साली फूल आणि दोन पानं या चिन्हांवर घेतला गेला. त्यात ७,२७२ मतं बाद झाली. विलीनीकरणाविरुद्धचं मताधिक्य ३४,०२१ असल्यामुळे निकालाला धक्का लागला नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आपल्याकडे होणाऱ्या महिलांच्या मतदानात मात्र बाद मताची किंमत फार मोठी असते. तिथे उभी बाटली आणि आडवी बाटली ही चिन्हं असतात. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. त्यामुळे दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर पडून बाद झालेला शिक्का उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडतो.

आपल्या १९६१ च्या निवडणूक नियमांतही तत्त्व तेच आहे : खूण पुसट आहे किंवा एकापेक्षा जास्त वेळा केली आहे एवढ्याच कारणाने, हेतू स्पष्ट दिसत असताना, मतपत्रिका बाद करता येत नाही. हे तत्त्व प्रत्येक गावच्या मतमोजणीत पाळलं गेलं पाहिजे.

ऑस्ट्रेलियात सुमारे ६० टक्के मतदारांनी नकार दिला, त्यामुळे फुल्यांचा वाद निकालानंतर विरला. निसटत्या निकालात तो विरला नसता. म्हणून शंकास्पद खुणांचा नियम मतदानाआधी जाहीर करा, तो दोन्ही बाजूंना सारखा लावा आणि मतपत्रिका छापण्यापूर्वी साध्या मतदारांच्या हातात देऊन पाहा. मतदान केंद्रापर्यंत आलेल्या माणसाचं मत कागदाच्या मांडणीपायी वाया जाणं कुठल्याही लोकशाहीला शोभत नाही.