अमेरिकेत लोक घरीच रायफलची काडतुसं भरतात. नवख्याने घ्यायचं काय आणि सध्या गाडी अडलीये कुठे?

गॅरेजमधलं टेबल, त्याला बोल्टने आवळून बसवलेलं लोखंडी यंत्र आणि शेजारी पितळी पुंगळ्यांचा डबा. माणूस दांडा खाली ओढतो आणि काडतूस तयार. असं रील तुमच्याही फीडवर आलं असेल. पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो, हे कायदेशीर आहे का?

अमेरिकेत आहे. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला तिथे फेडरल लायसन्स लागत नाही. विकायची म्हटलं की लागतं.

आता हे चालतं कसं? काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी टाकणारा प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी गोळी. गोळी झाडली की बाकी सगळं संपतं, उरते पुंगळी. ती पुन्हा वापरता येते, आणि हाच या छंदाचा पाया.

नवख्याचं लक्ष सगळ्यात आधी यंत्रावर जातं, म्हणजे प्रेसवर. प्रोग्रेसिव्ह प्रेस एका ओढीत चार-पाच कामं करतो, व्हिडिओत भारी दिसतो. पण सुरुवातीला घ्यायचा तो सिंगल स्टेज प्रेस. एका वेळी एकच काम, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसते. आरसीबीएस, ली, हॉर्नेडी या कंपन्या नवख्यांसाठी आख्खे किट विकतात. त्यासोबत आपल्या रायफलच्या मापाचे डाय लागतात, ते बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात. शिवाय पुंगळीची लांबी मोजायला कॅलिपर आणि वाढलेली लांबी कापायला ट्रिमर, कारण झाडल्यावर पितळ ताणलं जातं. आणि वंगण. रायफलच्या पुंगळीची मान बाटलीसारखी निमुळती असते. वंगण न लावता डायमध्ये घातली तर अशी अडकते की काढताना घाम फुटतो.

पण पैसे टाकायचेच असतील तर वजनकाट्यावर टाका, असं या छंदातले जुने लोक सांगतात आणि मला ते पटतं. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम, आणि काटा त्याच्याही दहाव्या भागापर्यंत अचूक लागतो. पावडर जास्त पडली किंवा चुकीची पडली तर रायफल हातात फुटू शकते, आणि चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. म्हणून दुसरी गरज छापील रीलोडिंग मॅन्युअलची. कुठल्या गोळीला कुठली पावडर किती, हे त्यातूनच घ्यायचं, रीलखालच्या कमेंटमधून नाही.

मग यातून पैसे वाचतात का? इथेच सध्याची खरी अडचण आहे. प्रेस एकदा घेतला की वर्षानुवर्षं चालतो. प्रायमर आणि पावडर मात्र संपत राहतात. 2020 मध्ये कोविडच्या काळात बंदुकांची विक्री वाढली आणि दुकानांतून प्रायमर गायब झाले. मग 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं. आधुनिक पावडरचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तोच तोफगोळे डागणाऱ्या दारूतही लागतो. तो बनतो सरकीला चिकटलेल्या कापसाच्या आखूड तंतूंपासून, आणि युरोपात हे तंतू मोठ्या प्रमाणात चीनमधून येतात. जानेवारी 2024 मध्ये व्हिस्टा आउटडोअर या अमेरिकी कंपनीने जागतिक टंचाईचं कारण देत पावडरची दरवाढ डीलर्सना कळवली. म्हणजे मोंटानातल्या शिकाऱ्याचा डबा युक्रेनच्या आघाडीवर महाग झाला. त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याने आधी पावडर-प्रायमर मिळतोय का ते पाहावं, मग यंत्र घ्यावं.

आता आपल्याकडचं. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसं भरता येतात, हा समज सरळ चुकीचा. त्यामुळे रील पाहून कुतूहल म्हणून ऑनलाइन काही मागवायच्या भानगडीत पडू नका.

आणि आपल्या नेमबाजांचं काय? कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं, ती रायफल पॉइंट टू टू रिमफायर. तिच्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतोच, ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. एकदा झाडली की ती पुंगळी सरळ भंगारात जाते.