बंदी घाला, पण आदेश दाखवा!

जातीद्वेष पसरविणारी, महापुरुषांची विटंबना करणारी संकेतस्थळे बंद झालीच पाहिजेत. इंटरनेट कंपन्यांवर तसे कायदेशीर बंधन हवेच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण बंदीचा आदेश गुप्त कशासाठी? २००३ मध्ये मेघालयाशी संबंधित एका याहू ग्रुपवर बंदी आली, तेव्हा कंपन्यांनी सरसकट सगळेच याहू ग्रुप बंद करून टाकले. २००९ च्या नियमांतील १६ व्या नियमाने तर तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठरविली. ज्याचा आवाज बंद केला त्याच्या हाती आदेशच नसेल, तर त्याने न्यायालयात दाद मागावी कशी? कलम ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले होते. आमची मागणी एकच आहे : बंदीची लेखी कारणे बाधिताला मिळालीच पाहिजेत!